जॉर्ज मॅलरी आणि मऊ बर्फाचा उतार



बर्फ म्हटले म्हणजे आपल्या मुलखातील मुलांच्या डोळ्यांपुढे सरबताचा पेला किंवा मासळीबाजारात लाकडाच्या भुशात झाकून ठेवलेली लादी उभी राहते. ते कठीण असते, निसरडे असते आणि हातात धरले की वितळते. याहून अधिक त्याची ओळख आपणांस सहसा नसते. परंतु ज्या देशांतील पर्वतांवर वर्षाचे कित्येक महिने हिम पडत असते, तेथील लोक हिमाचे नाना प्रकार ओळखतात, आणि त्यांपैकी एका प्रकाराची त्यांस विशेष धास्ती वाटते. तो प्रकार म्हणजे वरून स्वच्छ आणि शांत दिसणारे, परंतु आतून ओलावलेले, मऊ पडलेले, वितळू लागलेले हिम.

असे हिम भयंकर का, हे आधी समजून घेतले पाहिजे. आकाशातून पडणारे हिम एकदम पडत नाही. आज एक थर, चार दिवसांनी दुसरा, असे थरावर थर साचत जातात. थंडी कडक असेपर्यंत हे थर एकमेकांस धरून राहतात. पण हिवाळा सरत आला, ऊन तापू लागले किंवा दमट वारा सुटला, म्हणजे वरच्या थरातील कण सुटे होतात, वितळलेले पाणी आत झिरपते, आणि खालच्या गुळगुळीत थरावर वरचा जड थर नुसता टेकून राहतो. अशा वेळी त्यावर मनुष्याचे पाऊल पडले, तर सारा उतारच्या उतार सुटून खाली घसरतो. त्यास हिमलोट म्हणतात. म्हणूनच जाणते गिर्यारोहक मध्यरात्र उलटताच कंदील घेऊन निघतात. रात्रीच्या गारठ्याने पृष्ठभाग घट्ट झालेला असतो, तोवर वर चढावयाचे, आणि सूर्य माथ्यावर येण्यापूर्वी धोक्याची जागा ओलांडून परत फिरावयाचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. दुपारी त्याच वाटेने गुडघा गुडघा रुतत चालावे लागते, आणि पायाखालची भूमी भूमी राहिली आहे की नाही, याचा भरवसा उरत नाही.

ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याच्या आयुष्यातील सर्वांत काळा दिवस अशाच मऊ हिमाच्या एका उतारावर उगवला. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचा सर्वांत उजळ दिवसही त्याच उतारावर उगवला. त्याचे नाव जॉर्ज हर्बर्ट ली मॅलरी. एव्हरेस्ट शिखराच्या इतिहासात हे नाव अजरामर झाले आहे. परंतु तो आपल्यासारख्याच एका शाळेत शिक्षक होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

जॉर्जचा जन्म ता. १८ जून १८८६ रोजी इंग्लंडातील चेशायर परगण्यात मॉबर्ली या खेडेगावी झाला. त्याचे वडील तेथील देवळाचे पाळक होते. दोन बहिणी आणि एक धाकटा भाऊ, असे हे कुटुंब होते. लहानपणापासून जॉर्जला उंच जागी चढण्याचा विलक्षण नाद. झाड, कुंपणाची भिंत, घराचे छप्पर, काही म्हणून त्याने सोडले नाही. सात वर्षांचा असताना शिक्षा म्हणून त्यास खोलीत पाठविले, तर हा मुलगा वडिलांच्याच देवळाच्या छपरावर जाऊन बसला, अशी गोष्ट त्याच्याविषयी सांगतात. भीती म्हणजे काय हे त्यास ठाऊकच नव्हते. पुढे आयुष्यात हा गुण त्याच्या उपयोगी पडला आणि एकदा त्यास फार महागही पडला.

अभ्यासातही तो हुशार होता. १९०० साली गणिताची शिष्यवृत्ती मिळवून तो विंचेस्टर येथील प्रसिद्ध विद्यालयात दाखल झाला. तेथील एका शिक्षकास गिर्यारोहणाचा छंद होता. त्यांनी १९०४ च्या उन्हाळ्यात जॉर्जला आल्प्स पर्वतात नेले. पहिल्याच मोठ्या चढणीत उंचीवरील विरळ हवेने त्यास मळमळू लागले आणि शिखर गाठण्यापूर्वीच परत फिरावे लागले. परंतु त्याच मोसमात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने आल्प्समधील सर्वांत उंच असे माँ ब्लाँ शिखर पादाक्रांत केले. पहाटेपूर्वी निघणे, हिमाचा पोत पायाने आणि कुऱ्हाडीने तपासणे, एका दोराने एकमेकांस बांधून घेऊन चालणे, या साऱ्या गोष्टींचे धडे त्याने याच काळात गिरविले. दोराचे शास्त्र असे आहे की, एकजण घसरला तर बाकीचे त्यास सावरतात. परंतु सारेच अस्थिर जागी असतील, तर एकाबरोबर सर्व जातात. म्हणून दोराच्या अग्रभागी चालणाऱ्यावर मागील प्रत्येकाच्या प्राणाचा भार असतो. या चरित्राचे सार या एका वाक्यात आहे असे म्हटले तरी चालेल.

१९०५ साली मॅलरी केंब्रिज येथील मॉड्लिन महाविद्यालयात गेले व तेथे त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला. पदवी घेतल्यावर काही काळ फ्रान्समध्ये घालवून १९१० मध्ये त्यांनी सरे परगण्यातील चार्टरहाउस या विद्यालयात शिक्षकाची नोकरी पत्करली. शिक्षक म्हणून ते त्या काळाच्या मानाने निराळेच होते. विद्यार्थ्यांवर दरारा बसविण्यापेक्षा त्यांच्याशी मैत्री करावी, असे त्यांस वाटे. दिसावयासही ते इतके तरुण होते की, त्यांच्या वर्गात मुले पुष्कळदा गोंधळ घालीत. परंतु ज्या थोड्या मुलांनी ती मैत्री ओळखली, त्यांची आयुष्ये पालटून गेली. पुढे कवी म्हणून नावाजलेले रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे त्यांपैकी एक होत. मॅलरी यांनी त्यांस उत्तमोत्तम ग्रंथ वाचावयास दिले आणि सुटीत वेल्सच्या डोंगरांत नेऊन कड्यांवर चढावयास शिकविले.

ता. २९ जुलै १९१४ रोजी रूथ टर्नर या सुशील तरुणीशी मॅलरी यांचा विवाह झाला. त्यानंतर आठवडाही लोटला नाही, तोच इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. मॅलरी यांनी तोफखान्यात नोकरी धरली व १९१६ मध्ये फ्रान्समधील सोम नदीच्या रणक्षेत्रावर मृत्यूचे तांडव प्रत्यक्ष पाहिले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा चार्टरहाउस येथे शिकवू लागले. क्लेअर, बेरिज आणि जॉन अशी तीन अपत्ये त्यांस झाली. संसार सुखाचा होता. अशा वेळी, १९२१ च्या आरंभी, त्यांस एव्हरेस्टच्या मोहिमेचे बोलावणे आले.

जगातील सर्वांत उंच शिखर हेच, ही गोष्ट हिंदुस्थानच्या मोजणी खात्याने गेल्या शतकाआधीच्या शतकात, म्हणजे १८५० नंतरच्या काही वर्षांत, दुर्बिणीच्या साहाय्याने व गणिताने ठरविली होती. आणि त्या गणितात राधानाथ सिकदार या बंगाली विद्वानाचा मोठा हात होता. तेव्हा काढलेली उंची २९,००२ फूट होती. २०२० साली नेपाळ व चीन या देशांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. जुन्या गणितात किती थोडा फरक निघाला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. तिबेटी लोक या शिखरास चोमोलुंग्मा म्हणतात. त्याच्या पायथ्याशी १९२१ पूर्वी कोणीही युरोपीय पोहोचला नव्हता. नेपाळचे दरवाजे परकीयांस बंद होते. तिबेटच्या सरकारने परवानगी दिल्यामुळे दार्जिलिंगहून सिक्कीम ओलांडून तिबेटच्या पठारावरून, तीनशे मैलांहून अधिक प्रवास करून, उत्तर बाजूने शिखराकडे जावे लागे. मॅलरी यांनी शाळेची नोकरी सोडली आणि ते या प्रवासास निघाले.

त्या पहिल्या वर्षाचे काम केवळ वाट शोधण्याचे होते. वाटेतच डॉ. केलास हे अनुभवी गृहस्थ आजाराने वारले. मॅलरी आणि त्यांचे शाळेतील मित्र बुलक यांनी महिनोन्‌महिने हिमनद्यांच्या जाळ्यात हिंडून शिखराचा एकेक पैलू पाहिला. मॅलरी हे मोठे विसराळू गृहस्थ होते. छायाचित्राच्या काचा त्यांनी कॅमेऱ्यात उलट्या बसविल्या, त्यामुळे बरीचशी छायाचित्रे वाया गेली व ती पुन्हा घेण्यासाठी तेवढी पायपीट पुन्हा करावी लागली. शेवटी ता. २४ सप्टेंबर १९२१ रोजी मॅलरी, बुलक व व्हीलर हे तिघे आणि त्यांच्याबरोबरचे भारवाहक शिखराच्या उत्तरेकडील खिंडीवर पोहोचले. ही खिंड सुमारे २३,००० फूट उंच असून तेथून शिखराकडे जाणारी धार स्पष्ट दिसते. वाट सापडली होती. परंतु त्या खिंडीवर जाण्यासाठी हिमाचा एक उंच, तुटक उतार चढावा लागे. हाच तो उतार.

१९२२ साली जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम निघाली. ता. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल हे तिघे प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून सुमारे २६,९८५ फुटांपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणीही मनुष्य चढला नव्हता. उतरताना त्यांच्याबरोबर मॉर्सहेड हे चौथे गृहस्थ होते व हिमदंशाने त्यांचे हाल झाले होते. चौघे एका दोरावर असताना पाय घसरून तिघेजण खाली ओढले जाऊ लागले. मॅलरी यांनी क्षणाचाही विलंब न लावता आपली कुऱ्हाड हिमात रोवली, तिच्याभोवती दोर टाकला आणि सर्व भार आपल्या अंगावर घेतला. चौघांचे प्राण वाचले. काही दिवसांनी फिंच व जेफ्री ब्रूस हे प्राणवायू घेऊन याहूनही वर गेले. परंतु शिखर कोणासही लाभले नाही.

येथे थांबणे शहाणपणाचे झाले असते. परंतु आणखी एकदा प्रयत्न करावा असे ठरले. दिवस जूनचे होते. जो नैर्ऋत्येचा मोसमी वारा आपल्या कोकणकिनाऱ्यावर मृगाचा पाऊस घेऊन येतो, त्याचीच बंगालच्या उपसागराकडून जाणारी शाखा हिमालयावर आदळते, आणि जे येथे पाण्याच्या रूपाने पडते ते तेथे हिमाच्या रूपाने पडते. जूनच्या आरंभीच तेथे मोठी हिमवृष्टी झाली. नंतर ऊन पडले. वाऱ्याने व उन्हाने नवे हिम आता बसले असावे, असा मॅलरी व त्यांच्या सोबत्यांचा अंदाज होता.

ता. ७ जून १९२२. आपल्याकडे साधारण याच दिवशी मृग नक्षत्र लागते व शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे चौदा भारवाहकांसह खिंडीच्या उतारास लागले. हिम मऊ होते. प्रत्येक पावलास पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता. वाटेत एक अतिशय उभा भाग होता. तेथे हिम घसरते की काय, हे त्यांनी मुद्दाम तपासून पाहिले. ते घसरले नाही. तेव्हा अशा उभ्या जागी जे टिकले ते पुढील सौम्य उतारावर खात्रीने टिकेल, असे त्यांस वाटले. हा तर्क वरवर पाहता बिनचूक आहे. परंतु हिमाच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. एका जागी खालचा थर खडबडीत असला म्हणजे वरचे हिम त्यास धरून राहते. दहा पावले पुढे तोच थर गुळगुळीत असला, तर उतार सौम्य असूनही वरचे हिम सुटते.

दुपारी दीडच्या सुमारास, खिंड अवघी सहाशे फूट उरली असताना, एक तीक्ष्ण आवाज झाला आणि पायाखालचा सारा उतार चालू लागला. पुढच्या दोरावरील मॅलरी व त्यांचे सोबती काही अंतर वाहत जाऊन हिमातून धडपडत वर आले. त्यांच्या मागील दोरावरील चार भारवाहकही खाली घसरत जाऊन वाचले. परंतु त्यांच्या मागील दोन दोरांवर नऊ जण होते. ते हिमाच्या उंच कड्यावरून खालच्या भेगेत कोसळले आणि वरून हिमाचा लोट त्यांच्या अंगावर आला. वाचलेल्यांनी हातांनी व कुऱ्हाडींनी हिम उपसले. दोघांस जिवंत बाहेर काढता आले. सात जण गतप्राण झाले. ते पोटापाण्यासाठी ओझी वाहणारे डोंगराळ मुलखातील साधे, कष्टाळू लोक होते. शिखराचा मान त्यांस मिळणार नव्हता. पुढे चालणारे साहेब वाट ओळखतात, एवढ्याच विश्वासावर ते पाऊल टाकीत होते. त्यांच्या बांधवांच्या इच्छेनुसार त्यांचे देह त्या हिमातच राहू दिले, आणि खाली तळावर त्यांच्या स्मरणार्थ दगडांची रास उभारण्यात आली.

या दुर्घटनेचा दोष कोणाचा, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. नव्या हिमावर इतक्या माणसांस नेणे हा अविचार होता, असे त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी म्हटले. मॅलरी यांनी मात्र सबबी सांगितल्या नाहीत. पत्नीस लिहिलेल्या पत्रांत त्यांनी हा अपराध आपल्या माथी घेतला. ज्यांस हिमाचे धोके समजत नव्हते आणि ज्यांनी आपल्यावर विसंबून राहावे हे साहजिकच होते, त्यांस आपण सांभाळू शकलो नाही, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. सॉमरव्हेल यांची अवस्था याहून निराळी नव्हती. मेलेल्यांत एकही इंग्रज नाही, या गोष्टीची त्यांस लाज वाटली. आपणांपैकी एखादा तरी त्या सात जणांबरोबर गेला असता तर बरे झाले असते, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

सॉमरव्हेल हे शस्त्रवैद्य होते. मोहीम आटोपल्यावर ते हिंदुस्थान पाहण्यास निघाले व फिरत फिरत दक्षिणेस त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर येथील मिशन दवाखान्यात पोहोचले. तेथे रोग्यांची रीघ लागलेली आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जवळजवळ एकटा, हे पाहून त्यांनी लंडनमधील मोठ्या मिळकतीची आशा सोडली आणि आपले आयुष्य त्या लोकांस वाहिले. नेय्यूर येथे आणि नंतर वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मिळून त्यांनी पुढे जवळजवळ चार दशके या देशाची सेवा केली. मनुष्याच्या अंतःकरणात दुःख पेरले गेले म्हणजे त्यातून काय उगवेल, हे त्या मनुष्यावर अवलंबून असते.

मॅलरी यांनी १९२३ मध्ये अमेरिकेत व्याख्याने दिली व नंतर केंब्रिज विद्यापीठाच्या वतीने प्रौढ कामकरी लोकांस शिकविण्याचे काम पत्करले. शिखरावर कशासाठी चढावयाचे, असे अमेरिकेत त्यांस विचारले असता त्यांनी दिलेले उत्तर म्हणून एक अत्यंत तोकडे वाक्य जगभर गाजले. परंतु त्यांचे मन त्या वाक्याइतके सोपे नव्हते. पत्नी, तीन लहान मुले, नवे काम, आणि मागे राहिलेले ते सात जण, या सर्वांचा भार मनावर असता १९२४ च्या तिसऱ्या मोहिमेत जावे की न जावे, याविषयी त्यांची मोठी घालमेल झाली. शेवटी ते गेले.

या वेळी जनरल ब्रूस तापाने आजारी पडल्यामुळे नेतृत्व नॉर्टन यांच्याकडे आले. मे महिन्यात हवा अत्यंत वाईट होती. ता. २३ मे रोजी हिमवृष्टीमुळे खिंडीवरील तळ सोडून मंडळी खाली उतरू लागली, तेव्हा चार भारवाहक त्या उताराच्या भीतीने मागे फिरले व वरच अडकून पडले. एकाचे हात हिमदंशाने सुजले होते. खाली बातमी आली. रात्री पुन्हा हिम पडू लागले. बरोबर दोन वर्षांपूर्वीचीच स्थिती होती: तोच उतार, तसेच नवे, मऊ, अविश्वसनीय हिम. खालील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ते सात जण उभे राहिले असतील, यात शंका नाही. वर जाणारे परत येतील, याची खात्री कोणीही देऊ शकत नव्हता. शिखर जिंकण्याच्या दृष्टीने पाहिले, तर मोहिमेतील सर्वांत समर्थ तीन पुरुषांनी या कामात आपली शक्ती घालविणे म्हणजे स्वतःच्या हाताने विजयावर पाणी सोडणे होते.

नॉर्टन, सॉमरव्हेल आणि मॅलरी हे तिघे दुसऱ्या दिवशी निघाले. तिघांसही खोकल्याने जर्जर केले होते. कंबरेपर्यंत रुतत ते त्या धोक्याच्या आडव्या उतारापर्यंत पोहोचले. दोनशे फूट लांबीच्या दोराचे एक टोक सॉमरव्हेल यांच्या कंबरेस होते. मॅलरी व नॉर्टन यांनी कुऱ्हाडी हिमात रोवून दोर हळूहळू सोडला, आणि सॉमरव्हेल एकेक पाऊल चाचपीत पलीकडे गेले. अडकलेल्यांपासून ते सुमारे तीस फुटांवर असतानाच दोर संपला. तेव्हा उरलेले अंतर त्या चौघांनी एकेकट्याने ओलांडावे, असे ठरले. पहिले दोघे सुखरूप आले. मागील दोघे एकदम निघाले, तोच त्यांच्या पायाखालचे हिम सुटले व ते कड्याच्या दिशेने घसरले. दैवयोगाने थोड्या अंतरावर ते थांबले. सॉमरव्हेल यांनी आपल्या कंबरेचा दोर सोडून तो हिमात रोवलेल्या कुऱ्हाडीभोवती अडकविला, त्याचे टोक एका हातात धरले, आणि दुसरा हात लांबवून एकामागून एक दोघांसही मानेकडील कपड्यास धरून वर ओढून घेतले. दुसऱ्या टोकाशी, तो दोर घट्ट धरून, मॅलरी व नॉर्टन उभे होते. अंधार पडल्यावर सातही जण खालच्या तळावर पोहोचले. तीन वाचविणारे आणि चार वाचलेले, असे ते सात होते.

त्या दिवशी कोणतेही शिखर जिंकले गेले नाही. वर्तमानपत्रांनी त्याचा गाजावाजा केला नाही. परंतु १९२२ साली ज्या उतारावर अविचारी विश्वासाने सात प्राण गेले, त्याच उतारावर, धोका पुरेपूर ठाऊक असताना, चार प्राण परत आणले गेले. यामुळे आधीच्या चुकीचे परिमार्जन झाले असे म्हणता येणार नाही. मेलेली माणसे हिशेबाने परत मिळत नाहीत. परंतु चुकीपासून मनुष्य काय शिकला, हे त्याच्या पश्चात्तापाच्या शब्दांवरून कळत नाही. तसाच प्रसंग पुन्हा आला असता त्याने काय केले, त्यावरून ते कळते. मॅलरी यांची ही परीक्षा मऊ बर्फाने घेतली, आणि ते तीत उतरले.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. ता. ४ जून रोजी नॉर्टन सुमारे २८,१२६ फुटांपर्यंत एकटे गेले व परतले. ता. ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि अवघ्या बावीस वर्षांचा अँड्र्यू अर्व्हिन हे दोघे सर्वांत वरच्या तळावरून शिखराकडे निघाले. दुपारी एकच्या आधी दहा मिनिटे ढग क्षणभर विरळ झाले, तेव्हा खालून येणारे ओडेल यांस धारेवर दोन काळे ठिपके वर सरकताना दिसले. मग ढगांनी पुन्हा पडदा ओढला. ते दोघे परत आले नाहीत. मॅलरी यांचे वय तेव्हा अडतीसला दहा दिवस कमी होते.

१९३३ मध्ये अर्व्हिनची कुऱ्हाड सापडली. ता. १ मे १९९९ रोजी, पंचाहत्तर वर्षांनंतर, मॅलरी यांचा देह सुमारे २६,७६० फूट उंचीवर आढळला. थंडीने तो बऱ्याच अंशी जसाच्या तसा राहिला होता. कंबरेस तुटलेला दोर होता. खिशातील पत्रे अजून वाचता येत होती. शोध करणाऱ्यांनी प्रार्थना करून तेथेच दगडांखाली त्यास विश्रांती दिली. २०२४ मध्ये खालच्या हिमनदीवर अर्व्हिनचे अवशेषही सापडले. ते दोघे शिखरावर पोहोचले होते की नाही, हे आजवर सिद्ध झालेले नाही. ता. २९ मे १९५३ रोजी दक्षिणेकडील वाटेने तेनसिंग व हिलरी हे शिखरावर उभे राहिले. तेनसिंग हे त्याच शेर्पा लोकांपैकी होते, ज्यांच्या पाठीवर या साऱ्या मोहिमांची ओझी चढली होती.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी फारच थोड्यांस हिमाच्छादित पर्वतावर चढण्याचा प्रसंग येईल. परंतु पुढे चालण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. कोणी वर्गनायक होतो, कोणी खेळातील संघाचा कप्तान. उद्या कोणी शिक्षक होईल, कोणी अधिकारी, आणि बहुतेक सर्व जण घरातील वडील माणूस होतील. तेव्हा तुमच्या दोरास कोणीतरी बांधलेले असेल, आणि त्यास वाट ठाऊक नसेल. पालकांसही हे नव्याने सांगावयास नको. एका जागी भूमी टणक लागली म्हणून पुढची सारी टणकच असेल, असे समजू नये. मागील माणसाचे पाऊल जेथे पडणार, तेथील हिम आधी आपण तपासावे. आणि तरीही कोणी मागे अडकलाच, तर आपल्या शिखराचा विचार बाजूस ठेवून त्यास आणावयास जावे.

मॅलरी यांचे शिखर झाले की नाही, हे ढगांस ठाऊक. परंतु ता. २४ मे १९२४ च्या संध्याकाळी चार शेर्पा घरच्या माणसांस पुन्हा भेटण्यासाठी जिवंत खाली उतरले, ही गोष्ट निश्चित आहे.